चांगली बॅटरी घेऊन फिरणारे काका

"आधी मीटर लावा, मग बोला."

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले काका हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी म्हणायचे. वॉचमन म्हणाला पंप जळलाय, डॉक्टर म्हणाले चेहरा उतरलेला दिसतो, मी म्हटलं यंदा उकाडा जास्तच आहे, तरी सगळ्यांना उत्तर हेच. आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. काकांच्या कापडी पिशवीत खरोखरचा एक पिवळा मीटर असे, लाल आणि काळ्या वायरींचा. भाजी आणायला निघाले तरी तो बरोबर. एका कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये त्यांची उभी हयात गेली होती आणि निवृत्तीला वीस वर्षं होत आली तरी त्यांची ड्यूटी काही संपली नव्हती.

तुमच्याही सोसायटीत असे एक काका असतील. नसतील तर तुमचं नशीब थोर, किंवा मग तुम्हीच ते काका असाल.

बिबवेवाडीत आम्ही राहायला आलो तेव्हाची गोष्ट. मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. नवरा नोकरीनिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी, त्यामुळे गाडी माझ्याच गळ्यात. एका सकाळी ती चालूच होईना. प्रवेशाचे दिवस, साडेनऊला खिडकी उघडायची होती. मी फोनवर 'अर्ध्या तासात घरपोच बॅटरी' वगैरे शोधत होते. शेजारच्या जागेत काकांची पांढरी जुनी गाडी होती आणि काका तिचं बॉनेट उघडून आत फडकं फिरवत होते. मी म्हटलं, "काका, तुमच्या बॅटरीवरून जरा जम्प देऊन ही चालू करून देता का? वायरी आहेत माझ्याकडे."

"नाही," काका म्हणाले.

बस, एवढंच. 'माफ कर' नाही, 'जमणार नाही गं' नाही. मला इतका राग आला की विचारू नका. मग त्यांनी पिशवीतून मीटर काढला, माझ्या बॅटरीला लावला आणि म्हणाले, "बॅटरी ठणठणीत आहे. टर्मिनल सैल आहे. तुझ्या मेकॅनिकचे हातही सैल आहेत." पान्याचे दोन फेरे, आणि गाडी सुरू. मी आभार मानले तर म्हणाले, "ते राहू दे. तो फोन बंद कर आधी, नाहीतर माणूस येईल बॅटरी घेऊन."

पण त्या 'नाही'चा राग माझ्या मनात बरेच दिवस होता. सोसायटीत सगळ्यांचंच तसं होतं. काका कुणालाही कधीही जम्प देत नसत. लोक त्यांना कवडीचुंबक म्हणायचे. मीही म्हणायची.

त्या नकाराचं कारण मला काकूंनी सांगितलं.

काकूंना दिसत नव्हतं. काचबिंदूने आधी एक डोळा नेला, मग दुसरा. आणि रोज संध्याकाळी काका त्यांना गाडीत शेजारी बसवून शहर दाखवायला न्यायचे. हो, दाखवायला. काचा वर करायच्या आणि काका चालवता चालवता सांगत जायचे. रिक्षात हे जमत नसे, कारण एकतर आवाज, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे रिक्षावाला मधेमधे स्वतःची मतं घालतो.

एकदा मीही मागे बसून गेले. मला मंडईत उतरायचं होतं.

"डावीकडे नवीन पाटी लागलीय. येथे कचरा टाकू नये."

"टाकलाय का?" काकू.

"पाटीला टेकवून ठेवलाय."

काकू हसल्या. "आणि पूल?"

"पूल झाला. आता पुलाखाली पुलाला वळसा घालायचा रस्ता खणलाय."

"फुलवालीनं आज काय नेसलंय?"

"हिरवं. पदर मात्र कालच्याच साडीचा वाटतो." मी वळून पाहिलं. खरंच हिरवी साडी होती. पदराचं मात्र काका जरा वाढवून सांगत होते.

पुढे एका वळणावर काका म्हणाले, "गुलमोहोर लाल झालाय अगदी." मी बाहेर बघितलं. गुलमोहोर नव्हता. रस्ता रुंद करताना तो मागच्याच वर्षी तोडला होता आणि तिथे आता लोखंडी पत्रे उभे होते. मीटर लावल्याशिवाय तोंड उघडू न देणारा हा माणूस सरळसरळ खोटं बोलत होता! दुसऱ्या दिवशी काका खाली गेलेले असताना काकूंकडे गेले, तर त्या आपणहून म्हणाल्या, "ते झाड पाडलं ना गं? तिथं माझ्या हातावर सावली यायची. आता ऊन येतं. पण त्यांना नको सांगूस, मला कळलंय ते."

त्याच दिवशी त्यांनी काकांनी दिलेल्या शब्दाची गोष्ट सांगितली. काकांचा डावा हात थरथरायला लागला होता. सोसायटीच्या गेटच्या खांबाला गाडी दोनदा घासली. नाशिकहून मुलगी आली, तिने खांब पाहिला, हात पाहिला आणि सांगितलं, बाबा, आता गाडी विका. काका ऐकेनात. शेवटी मुलगीच जरा नमली. तिने विचारलं, ही गाडी अजून किती चालेल? काका म्हणाले, इंजिन उत्तम आहे, बॅटरी मात्र वर्षभरात जाईल. "मग ठरलं," मुलगी म्हणाली. "ही बॅटरी जाईल त्या दिवशी गाडी विकायची. नवीन बसवायची नाही." काकांनी शब्द दिला.

आता मला सांगा, चाळीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेल्या माणसाला अशी अट घालायची असते का? वर्षभराच्या त्या बॅटरीला काकांनी पुढे चौथ्या वर्षात नेलं. टर्मिनलवर पांढरी बुरशी दिसली की गरम पाण्याने धुवायची, वर व्हॅसलिनचं बोट. डिस्टिल्ड वॉटरची बाटली घरात देवाच्या तांब्याशेजारी. थंडीत रात्री बॉनेटवर जुनी गोधडी. गाडीत रेडिओ नाही, हॉर्न जवळजवळ नाही. काका खिडकीची काच खाली करून "अहो, सरका!" म्हणायचे, पण बॅटरीवर भार टाकायचे नाहीत. आणि अशा बॅटरीवरून मी जम्प मागत होते. तिच्या एकेका थेंबावर काकूंची एकेक संध्याकाळ होती. माझा राग त्या दिवशी गेला, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

पुढे माझ्या बॅटरीला चार वर्षं झाली. नवऱ्याने फोनवरून फर्मान काढलं, रस्त्यात बंद पडायच्या आत बदलून टाक. मी काकांना विचारलं, कुठून घेऊ? काकांनी अर्थातच आधी मीटर लावला.

"हिला काही झालेलं नाही. पण दुकान शोधायची हीच वेळ आहे. बॅटरी गेल्यावर दुकान शोधणारा माणूस अडलेला असतो."

"मग आता काय करायचं?"

"चांगली बॅटरी घेऊन जायचं आणि विचारायचं, बदलावी लागेल का."

मला वाटलं थट्टा करतायत. पण रविवारी सकाळी काका पिशवी घेऊन दारात हजर. माझी चांगली चालणारी बॅटरी आम्ही काढली, म्हणजे त्यांनी सूचना केल्या आणि मी काढली, आणि काकांच्याच गाडीच्या डिकीत ठेवून निघालो. बॅटरीचं वजन काय असतं ते ज्यांनी उचललीय त्यांनाच ठाऊक.

पहिलं दुकान सातारा रोडवरचं, काचेचं, एसी लावलेलं. तिथल्या तरुणाने बॅटरीकडे नुसतं बघितलं. "मॅडम, ही तर गेली. एकदम डेड."

"मीटर न लावता कळलं?" काकांनी विचारलं.

"अंकल, एक्स्पीरियन्स असतो."

"वा! मग मीटर विकून टाका," असं म्हणून काका बाहेर.

दुसऱ्या दुकानदाराने मीटर लावला, पण त्याचं तोंड स्वतःकडे ठेवून. आकडा एकट्याने वाचला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "फार तर आठवडा." तिसऱ्याने बॅटरीला बोटाने टकटक करून पाहिलं, कलिंगड घेताना करतात तसं. मी हसू दाबत होते. माझी बिचारी ठणठणीत बॅटरी एका सकाळीत तीनदा मेली.

चौथं दुकान कात्रजला, तळ्याच्या अलीकडे. एका शटरचं. गल्ल्यावर पन्नाशीच्या बाई, पदर खोचलेला, हाताला काळं लागलेलं. त्यांनी मीटर लावला, आकडा आमच्याकडे फिरवला. मग भार टाकून पुन्हा बघितला. आणि एकदम भडकल्याच.

"चांगली बॅटरी काढून कशाला फिरवताय हो काका? दुसरं काम नाही का? न्या घरी, बसवा. माझा वेळ घालवला फुकट."

काका इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. परतताना स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होते. "हे दुकान! तोंड कसं आहे बघितलंस? या बाईकडे आपलं नुकसान व्हायचं नाही."

"पण आपण त्यांच्याकडून घेतलं तर काहीच नाही."

"काय घेणार? चांगली आहे म्हणाल्या ना."

पुढे दीड वर्षाने माझी बॅटरी खरोखर गेली तेव्हा मी डोळे मिटून त्या बाईंकडे गेले. बाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, "आज खरी गेलेली आणलीत का? मग बसा." नवीन बॅटरीवरचा ती बनल्याचा महिना त्यांनी मी न विचारता दाखवला, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून दिला आणि काकांना नमस्कार सांगितला. काकांनी तो नमस्कार पदवी मिळाल्यासारखा घेतला.

आणि मग त्या डिसेंबरात एके दिवशी काकांची गाडी संध्याकाळी जागेवरच उभी दिसली. दुसऱ्या दिवशीही. बॉनेटवरची गोधडी तशीच. तिसऱ्या दिवशी काका माझ्याकडे आले. दाढी वाढलेली.

"उद्या सुट्टी आहे ना तुला? जरा दुकान बघायला जायचंय. तुझ्या गाडीने."

"दुकान तर आहे की काका. कात्रजचं."

"दुसरी बघू," काका म्हणाले आणि नजर चुकवली.

मला सगळं समजलं. त्यांच्या घरी चार्जर होता, मीटर होता. दोन दिवस चार्ज करून आणि दहा वेळा मीटर लावून त्यांनी जे बघायचं ते बघितलं होतं. आता त्यांना बॅटरी घ्यायची नव्हती. 'अजून चालेल' म्हणणारा कुणीतरी हवा होता.

आम्ही निघालो. बिबवेवाडीतल्या एका दुकानदाराने मीटर लावून सांगितलं, गेली. काका त्याच्याशी भांडले. तुमचा मीटर कधी तपासून घेतला होता, वायरी जुन्या आहेत, थंडीचा परिणाम धरला का? सातारा रोडच्या काचेच्या दुकानात आम्ही परत गेलो. त्या तरुणाने या वेळीही मीटर न लावताच सांगितलं, "डेड." या वेळी तो बरोबर होता, आणि काका त्याच्यावर पहिल्याहून जास्त चिडले. तिथून थेट वारजे. हायवेच्या कडेला एक टपरीवजा दुकान होतं. तिथल्या माणसाने बॅटरी उलटसुलट केली, काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, चालेल की अजून. ठेवून जा, आत नवीन पाणी भरतो, चार्ज करून देतो. वर्षभर बघायला नको."

काकांचा चेहरा उजळला. खरंच सांगते, पाच-दहा वर्षांनी तरुण दिसले ते. "वर्षभर?"

"वर्ष आरामात."

काका बॅटरीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "उचल गं. डिकीत ठेव."

सिंहगड रोडला लागल्यावर काका बोलले. "मीटर लावला नाही त्याने."

"नाही."

"आणि मला आवडला तो माणूस. सगळ्यांत जास्त आवडला."

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, एक सांगू? कात्रजहून नवीन घेऊ आणि बसवून टाकू. नाशिकला कुणाला कळणार आहे? मी नाही सांगणार. काकूंच्या संध्याकाळी कशाला घालवता?"

काकांनी डावा हात पुढे धरला. डॅशबोर्डच्या वर, हवेत. तो हात कसा हलत होता ते मी बघितलं आणि लगेच रस्त्याकडे पाहायला लागले.

"गेल्या आठवड्यात चौथा गियर टाकायला गेलो, दुसरा पडला. हिला सांगितलं, खड्डा होता." हात त्यांनी मांडीवर घेतला, दुसऱ्या हाताने धरून ठेवला. "मुलीने बॅटरीचा शब्द घेतला म्हणून बरं. हाताचा घेतला असता तर चार वर्षांपूर्वीच गाडी गेली असती. कात्रजला घे."

कात्रजच्या बाईंनी मीटर लावला, आकडा आमच्याकडे फिरवला. "काका, गेली ही."

"पुन्हा लावा."

बाईंनी पुन्हा लावला. मागे वेळ फुकट गेला म्हणून भडकलेल्या त्याच बाई. काका "एकदा भार टाकून" म्हणाले, तेव्हा तेही केलं. मग त्यांनी आतून खुर्ची आणून काकांच्या मागे ठेवली. "जुनी किती वर्षं चालवली काका?"

"सात."

"सात? मी विकल्यात तेवढ्यांतली एक पण सात वर्षं नाही चालली हो."

काका खुर्चीत बसले. थोड्या वेळाने खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, "नवीन द्या एक. या महिन्यात आलेली."

मी चमकून बघितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "माझ्यासाठी नाही. गाडी विकायचीय. घेणाऱ्याच्या हातात मेलेली बॅटरी द्यायची म्हणजे काय?" आणि बाईंना म्हणाले, "कार्डावर नाव कोरं ठेवा. ज्याची गाडी त्याचं नाव."

गाडी घेतली वारज्याच्याच एका तरुण जोडप्याने, दोघंही वर्ध्याकडचे, नोकरीसाठी आलेले. व्यवहार ठरायला दहा मिनिटं लागली आणि बॅटरीवरचं व्याख्यान तासभर चाललं. काकांनी त्यांना कात्रजच्या दुकानाचा पत्ता लिहून घ्यायला लावला आणि परत वाचून दाखवायला लावला. "तुमच्या वारज्यात हायवेला एक आहे, टपरीवाला. गोड बोलतो. त्याच्याकडे जाऊ नका." जोडपं बिचारं माना डोलवत होतं.

नंतर वर्षभरात काका-काकू नाशिकला मुलीकडे गेले. काका तिथेच गेले, मागच्या उन्हाळ्यात. झोपेत गेले म्हणे. काकूंनी फोनवर सांगितलं आणि वर म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. मी म्हटलं, मीटर लावून बघितलात का?" आम्ही दोघी फोनवर हसलो आणि मग दोघी रडलो.

पण मला आठवतात ते गाडी द्यायच्या आदल्या संध्याकाळचे काका. मी ऑफिसातून आले होते. पार्किंगमध्ये दिवे लागत होते आणि काकांच्या गाडीचं इंजिन चालू होतं. काका स्टिअरिंगवर, शेजारी काकू, ठेवणीतली साडी नेसलेल्या. शब्द मोडून निघाले की काय? मी खांबाआड थांबले. गाडी जागची हलत नव्हती. हँडब्रेक ओढलेला, उजवा इंडिकेटर लुकलुकत होता. काकूंच्या बाजूची काच दोन बोटं खाली होती.

"मार्केट यार्डचा चौक आला. सिग्नल सुटलाच आहे. वळतोय."

"गर्दी आहे?"

"टेम्पोवाले आहेत. बाजार उठलाय वाटतं. एकानं कोथिंबीर सांडलीय रस्त्यावर."

"वास येतोय," काकू म्हणाल्या.

लिफ्टकडे जायची वाट त्यांच्या गाडीच्या पुढूनच होती. हातात भाजीची पिशवी, खांद्याला डबा, पाय दुखत होते. पण मी जागची हलले नाही.

"आता कुठवर आलो?"

"स्वारगेट. थांब, लाल लागला."

काकूंनी पदर सारखा केला. काका समोर बघत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट.

मग मी भराभर चालत त्यांच्या गाडीपुढून रस्ता ओलांडला.